बिनदांड्याचे बोल्ट

सेंगलिया, माल्टा
१४ नोव्हेंबर १८६४

प्रिय जोसाया,

इनॉक जिवंत आहे. हे पहिल्याच ओळीत लिहिते, कारण हे पत्र पोचायच्या आत तिकडच्या वर्तमानपत्रात त्याच्या 'ग्लोरियाना' जहाजाची बातमी आली असेल आणि आईने अंथरूण धरलं असेल. तिला सांग, जावई धडधाकट आहे. हातापायाला खरचटलेलंसुद्धा नाही.

झालं ते असं. कॉर्फूकडून परत येताना आरमारातलं नवं लोखंडी जहाज बरोबर होतं. कप्तानांच्या मनात आलं, लाकडाचं जहाज लोखंडाला मागे टाकतं हे एकदा सगळ्यांना दाखवून द्यावं. शिडं गुंडाळली, सगळ्या भट्ट्या पेटवल्या आणि चार तास जहाज ढकलणारा पाण्याखालचा पंखा पूर्ण वेगात फिरवला. मागची बाजू इतकी थरथरत होती की अधिकाऱ्यांच्या टेबलावरचे कप आपोआप सरकत सरकत खाली पडत होते. इनॉक दोनदा वर गेला. जहाजाचा सुतार तो, लाकडाची जबाबदारी त्याची. म्हणाला, "साहेब, वाफ कमी करा. मागचे सांधे बोलायला लागलेत." कप्तान म्हणाले, "पेंगेली, सुताराने लाकडाबद्दल बोलावं. वाफेचं आम्ही बघतो."

त्यानंतर अर्ध्या तासात पंख्याच्या शाफ्टच्या बाजूने पाणी आत घुसलं. गळती नव्हे, जोसाया, भिंत फुटावी तसं. शाफ्ट जिथून जातो त्या अरुंद बोळात तीन आगवाले तेल घालत होते. पाणी भट्ट्यांपर्यंत पोचलं असतं तर नऊशे माणसं गेली असती. वरून हुकूम आला, बोळाचं दार बंद करा. इनॉकने ते बंद केलं. वर आडवी लाकडं ठोकली, पाचरी मारल्या. आतून ते तिघं दार ठोकत होते.

हे त्याने मला एकदाच सांगितलं. "आधी तिघं ठोकत होते. मग दोघं. मग किती ते कळेना." डोरन, ग्रिबल आणि लँग अशी त्यांची नावं. ग्रिबलची बायको इथेच दोन गल्ल्या सोडून राहते.

जहाज ओढत आणलं, आता गोदीत आहे. सकाळी दूधवाला शेळ्या घेऊन येतो तो आमच्या दारावर थाप मारायचा. मी त्याला सांगितलंय, रस्त्यातूनच हाक मार.

चौकशी होणार म्हणतात. तू ते जहाज बांधलंस, तुला जास्त कळेल. इनॉकला धीर येईल असं काहीतरी लिही.

तुझी बहीण,
थर्झा


पोर्थवेन गोदी, कॉर्नवॉल
२८ नोव्हेंबर १८६४

प्रिय थर्झा,

तुझ्या पत्राने घर हादरलं. आईला मी अर्धंच वाचून दाखवलं. दाराचं वगळलं. ती रोज इनॉकसाठी प्रार्थना करते आणि मग मला विचारते, तो जेवतो का. लिही तो जेवतो का.

इनॉकला सांग, त्याने केलं तेच बरोबर. तिघांसाठी नऊशे बुडवणारा माणूस देवालाही आवडला नसता.

'ग्लोरियाना'बद्दल काय लिहू? ती उतरली त्या दिवशी तू माझ्या शेजारी उभी होतीस. राजघराण्यातली ती बाई बाटली फोडताना हातमोजा काढू की नको करत होती, आठवतं? एकशे एकवीस तोफा, तीन मजले आणि पोटात वाफेचं यंत्र. त्याच वर्षी समुद्रापलीकडे फ्रेंच लोक लाकडावर लोखंड चढवत होते. आम्ही ज्या दिवशी तिला पाण्यात सोडलं त्या दिवशीच ती म्हातारी झाली होती. आता इथे दहा वर्षं वाळत घातलेले ओक फळ्या पाडून विकतात. लाकडी जहाजाला एवढा मोठा पंखा लावला की शेपूट हलणारच. दोष कुणाचा नाही, काळाचा आहे.

एक विचारतो. इनॉकने मागची बाजू आतून पाहिली का? काही सापडलं का? सापडलं तर इतर कुणाच्या आधी मला कळव. ही कामं मी आयुष्यभर केलीत, कशाचा अर्थ काय लागतो ते मला कळतं. घरचा माणूस म्हणून विचारतो.

तुझा भाऊ,
जोसाया


सेंगलिया
१२ डिसेंबर १८६४

प्रिय जोसाया,

तू विचारलंस म्हणून लिहिते. इनॉकला सापडलंय.

गोदीतलं पाणी उपसल्यावर तो मागच्या मोठ्या खांबापाशी रांगत गेला. तो खांब आणि बाजूची लाकडं धरून ठेवायला तांब्याचे हातभर लांब बोल्ट असायला हवेत. डाव्या बाजूला त्याने एकावर पहार लावली तर तो बाटलीच्या बुचासारखा हातात आला. नुसतं डोकं. मागे दांडाच नाही. लाकडात आरपार भोकसुद्धा पाडलेलं नव्हतं. बोटाएवढा खड्डा, त्यात चरबी आणि भुसा, वर तांब्याची टोपी आणि रंग. अशी अकरा निघाली. चार त्याने खिशात घालून घरी आणली आणि पेटीत शर्टांच्या खाली ठेवली.

मी म्हटलं, "हे जोसायाच्या हाताखालचं काम ना?"

इनॉक म्हणाला, "त्याच्या पाठीमागे कुणीतरी केलंय. जोसायाला माहीत असतं तर त्याने स्वतःच्या मेव्हण्याला त्या जहाजावर जाऊ दिलं असतं का?"

मलाही ते पटलं.

पण त्याच्यावर खटला आहे. १९ जानेवारीला. जहाज ताब्यात घेताना 'सर्व लाकूड आणि जोड तपासले, मजबूत आहेत' असं लिहून खाली त्याने सही केलीय. तपासलं नव्हतं. का, ते तुला ठाऊक आहे. तूच त्याला म्हणालास, "त्या खांबापाशी मी दोन महिने बसलोय, नवा कोट घालून तिथे कशाला रांगतोस?" आणि दोघं हसत माझा केक खायला येऊन बसलात. मी त्याला म्हटलं, न्यायालयात हे सांग. म्हणाला, "जोसायाला त्यात विनाकारण कशाला ओढू? बोल्ट दाखवले की पुरे. बोल्ट स्वतःच बोलतील."

तो आता थोडं जेवतो. आईला सांग.

थर्झा


पोर्थवेन गोदी
२४ डिसेंबर १८६४

प्रिय थर्झा,

नाताळच्या आदल्या दिवशी, पाहुणे खाली बसले असताना हे लिहितोय. नीट वाच आणि वाचून जाळ.

इनॉकचं म्हणणं खरं आहे. माझ्या पाठीमागे कुणीतरी हे पाप केलंय, आणि कोण ते मला कळलंय. माणूस मोठा आहे. म्हणूनच ते बोल्ट तिथल्या न्यायालयात दाखवले तर काय होईल सांगतो. कप्तान आणि त्यांचे दोस्त न्यायासनावर बसणार. ते म्हणतील, सुताराने स्वतःच तांब्याची डोकी कापून आणली. बोल्ट तिथेच गहाळ होतील आणि इनॉक त्यांच्याबरोबर.

ते आधी इथे यायला हवेत. मी ते वरिष्ठांच्या टेबलावर माझ्या जबानीसकट ठेवतो. तिथून माल्टाला तार जाईल आणि खटला उभाच राहणार नाही. चारही बोल्ट सुक्या अंजिरांच्या डब्यात घालून पहिल्या टपालबोटीने पाठव. माझ्या घरच्या पत्त्यावर, गोदीच्या नाही.

इनॉकला सांगू नकोस. तो सरळ माणूस आहे, मनातलं तोंडावर दिसतं. त्याला कळलं तर तो कुणाला तरी बोलून बसेल. तार आली की त्याला आपोआप कळेल, आणि ते त्याला तुझ्यामुळे मिळालं हेही कळेल.

तू लहानपणापासून माझं ऐकत आलीस, म्हणून लिहितो. वेळ फार थोडा आहे.

जोसाया


सेंगलिया
५ जानेवारी १८६५

प्रिय जोसाया,

डबा आज बोटीवर चढवला. वर दोन थर अंजिरं आहेत, ती मुलांना दे.

इनॉक गोदीत गेला होता तेव्हा पेटी उघडली. लग्नाला अकरा वर्षं झाली, त्याच्या पेटीला मी कधी न विचारता हात लावला नव्हता. शर्ट जसे होते तसे घडी घालून ठेवले.

तो आला, हात धुतले आणि म्हणाला, "थर्झा, मला आता भीती वाटत नाही. पेटीत आहेत ना ते." मी ताट बाजूला सारलं. मी म्हटलं, डोकं दुखतंय.

काल मिसेस ग्रिबल भेटायला आली. तिने विचारलं, "माझा नवरा काही बोलला का, दारामागून?" इनॉक तिला म्हणाला, "नाही, बाई. लगेच संपलं." मला माहीत आहे की ते लगेच संपलं नव्हतं. अर्धा तास चाललं होतं.

तार लवकर पाठव. इथे रोज तारघरापर्यंत चालत जाऊन येते.

थर्झा


सेंगलिया
२० जानेवारी १८६५

जोसाया,

तार आली नाही.

मी अठरा तारखेला संध्याकाळपर्यंत तारघराच्या पायरीवर बसून होते. काल सकाळी खटला सुरू झाल्याची तोफ उडाली तेव्हासुद्धा मला वाटत होतं की कुणीतरी धावत येईल. खटला जहाजावर चालला, तिथे बायकांना जाऊ देत नाहीत. इनॉकच्या हाताखालचा सुतार होबन आत होता, त्याने सगळं सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहिते.

इनॉक म्हणाला, बोल्ट खोटे होते, त्यांना दांडे नव्हते. मुख्य न्यायाधीशांनी विचारलं, "कुठे आहेत ते?" गोदीच्या फोरमनने सांगितलं, डाव्या बाजूचं काढलेलं सगळं तांबं नियमाप्रमाणे भट्टीत गेलं, त्याने काही पाहिलं नाही. इनॉक म्हणाला, "चार माझ्याकडे आहेत, साहेब. घरी पेटीत." दोन शिपाई होबनला घेऊन आमच्या घरी आले.

मी दार उघडलं. त्यांनी पेटी जमिनीवर उलटी केली. शर्ट, वस्तरा, त्याच्या वडिलांचं बायबल. शिपाई म्हणाला, "मिसेस पेंगेली, इथे काही तांब्याचं होतं का?"

मी 'नाही' म्हटलं.

तुझ्यासाठी म्हटलं, जोसाया. मला वाटलं, डबा तुझ्याकडे पोचलाय, तार वाटेत आहे, आता तोंड उघडलं तर तुझं सगळं फुकट जाईल. 'नाही' म्हटलं आणि शर्ट गोळा करायला लागले.

त्यांनी रिकाम्या हाताने जाऊन सांगितलं, त्याची बायको म्हणते तसं काही नव्हतं. कुणीतरी हसलं. इनॉक म्हणाला, "मग उजवी बाजू उघडा. उजवी अजून कुणी उघडलेली नाही. तिथेही तसेच असतील." न्यायाधीश म्हणाले, "एका सुताराच्या गोष्टीसाठी ॲडमिरलांचं जहाज पुन्हा गोदीत चढवायचं?" ती परवा आरमाराबरोबर निघतेय. उजवी बाजू तशीच.

निकाल असा: निष्काळजीपणा, खोटा अहवाल, तिघांच्या मृत्यूला कारण. नोकरीतून बडतर्फ. तेवीस वर्षांची नोकरी, जोसाया. कोटाची बटणं तिथल्या तिथे कापून घेतली.

तो धक्क्यावर उतरला तिथे मी उभी होते. तिथेच मी त्याला सांगितलं. त्याने फक्त एवढंच विचारलं, "केव्हा पाठवलेस?" मी तारीख सांगितली. त्याने मनाशी दिवस मोजले. मग म्हणाला, "म्हणजे त्याला माहीत होतं. पहिल्यापासून." आणि थोड्या वेळाने, "मला वाटत होतं त्यांना मी एकट्याने मारलं."

मला त्याने एका शब्दानेही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

डबा पोचला का? एवढंच लिही. हो किंवा नाही.

थर्झा


पोर्थवेन गोदी
३ फेब्रुवारी १८६५

थर्झा,

हो. सतरा तारखेला पोचला. अंजिरं मुलांनी खाल्ली. बाकीचं मी होडीतून नेऊन खाडीच्या मध्यावर टाकलं.

तू सरळ विचारलंस, मी सरळ सांगतो. यापुढे पुन्हा सांगणार नाही.

मोठा माणूस वगैरे कुणी नव्हतं. जहाज उतरवायचा दिवस ठरला होता, राजघराण्यातली पाहुणी यायची होती, आणि लांब बोल्ट आलेच नव्हते. माझा वरिष्ठ म्हणाला, "हेक्स्ट, आता दिसण्यापुरती डोकी बसव. समारंभ झाला की खरे घालू." मी बसवली. समारंभ झाला. तो माणूस आठवड्याने लकव्याने गेला. खरे बोल्ट आले ते दुसऱ्या जहाजाला लागले. मग वर जाऊन 'माझ्या जहाजाला दांडे नाहीत' असं सांगायचं कुणी? वेळेत काम केलं म्हणून मला बढती मिळाली होती. दर महिन्याला वाटायचं, सांगावं. दर महिन्याला ते जास्त अवघड व्हायचं. इनॉकची नेमणूक तिथे झाली तेव्हा मी आठवडाभर नीट जेवलो नाही. पण म्हटलं, हे जहाज बंदरातच मिरवणार, कोण त्याला चार तास पळवणार?

तू मला राक्षस म्हणशील. म्हण. मला पाच मुलं आहेत, आई माझ्याकडे आहे, हे घर गोदीचं आहे. तुम्हाला मूल नाही. दोघांपैकी एकाने बुडायचं होतं आणि इनॉक आधीच पाण्यात उभा होता. दार बंद करताना त्यानेही हाच हिशेब केला ना? तिघं आत, बाकीचे बाहेर. मी वेगळं काय केलं?

आता तू काय करू शकतेस तेही सांगतो, म्हणजे तुझी दमछाक वाचेल. तू बोललीस तर आधी तुला सांगावं लागेल की नवऱ्याच्या पेटीतून वस्तू तू काढलीस आणि शिपायांपुढे खोटं तू बोललीस. पेटी मी उघडलेली नाही.

आईला एवढंच माहीत आहे की इनॉकने हयगय केली. तिला फार लागलंय. तिचं वय बघता तिला दुसरं काही सांगू नये.

परत आलात की इनॉकला मजुरीचं काम मी मिळवून देऊ शकतो. बडतर्फ माणसाला फाटकातून आत घेत नाहीत, पण माझ्या शब्दावर घेतील. मानी असू नका.

जोसाया


फिश स्ट्रीट, पोर्थवेन
७ ऑक्टोबर १८६६

माननीय मिस्टर हेक्स्ट,

आपल्या वेळेतला थोडा वेळ घेते, माफी असावी.

परत येऊन आम्हाला दीड वर्ष झालं. या काळात आपल्याला त्रास दिला नाही. आईच्या अंत्यविधीला आपण आम्हाला शेवटच्या रांगेत उभं राहू दिलंत, त्याबद्दल तेव्हा आभार मानायचे राहिले. ती जाण्याआधी माझ्याबद्दल काही बोलली का, हे मी विचारणार नाही.

आरमाराच्या लंडनच्या कचेरीला मी दोन पत्रं लिहिली होती. दोन्हींवर अभिप्राय मागवला गेला आणि दोन्ही आपल्याच टेबलावर आली, हे आपण माणूस पाठवून कळवलंत. तिसरं लिहिलेलं नाही. लिहिणारही नाही.

माझ्या नवऱ्याने सहा बंदरांत काम मागितलं. व्यापारी जहाजांवर नाव सांगितलं की म्हणतात, "तो दारवाला पेंगेली का?" गेल्या हिवाळ्यात शवपेट्या करणाऱ्याकडे होता. तिथे एकदा झाकणावर खिळा ठोकताना त्याचा हात थांबला तो पुन्हा चालला नाही. मालकाने दुसऱ्या दिवशी येऊ नको म्हटलं. आता मी मासे साफ करते त्यावर आम्ही दोघं आहोत.

आपण म्हणाला होतात की आपल्या शब्दावर मजुरी मिळेल. तो शब्द अजून असेल तर आम्हाला तो हवा आहे. 'ग्लोरियाना' मोडीत काढायला इथे आणलीय आणि माणसं घेताहेत असं कळलं.

तो आपल्याला साहेब म्हणेल. मी त्याच्याशी बोललेय, त्याची हरकत नाही. जुन्या नात्याचा उल्लेख आम्ही कुठे करणार नाही. फाटकावर आपल्या मिसेस दिसल्या तर मी रस्ता बदलेन.

एकच विनंती आहे. ती त्याची नाही, माझी आहे, तो मागायचा नाही. त्याला जहाजावर कुठेही ठेवा. डोलकाठ्यांवर ठेवा, कोळसा उपसायला ठेवा. फक्त मागच्या बाजूला नको. त्या बोळात नको. तो अजून कुणी दार ठोकलं की उठून उभा राहतो आणि उघडायला जात नाही. मी आत यायच्या आधी बाहेरून त्याचं नाव घेते.

आपली आज्ञाधारक,
थर्झा पेंगेली


पोर्थवेन गोदी, निरीक्षकांची कचेरी
९ ऑक्टोबर १८६६

मिसेस पेंगेली,

अर्ज मंजूर.

पेंगेलीने सोमवारी सकाळी सहाला फाटकावर हजर व्हावं. त्याची नेमणूक 'ग्लोरियाना'च्या मागच्या भागात, शाफ्टच्या बोळात आहे. खांबाची उजवी बाजू उघडून त्यातलं सगळं तांबं काढायचं आहे. ते तो एकटा काढेल, पोत्यात भरेल आणि पोतं थेट माझ्या हातात आणून देईल. त्या जागी मला परका माणूस चालणार नाही. तिथे काय आहे हे ज्याला आधीच माहीत आहे आणि ज्याचं कुणी ऐकणार नाही, असा माणूस माझ्याकडे दुसरा नाही.

काम साधारण तीन आठवड्यांचं आहे. नीट झालं तर पुढेही ठेवू.

बोळ अरुंद असल्यामुळे आणि बाकीच्या माणसांची ये-जा नको म्हणून काम चालू असताना दार बाहेरून बंद राहील. काही हवं असल्यास त्याने आतून ठोकावं.

जो. हेक्स्ट
निरीक्षक